‘इथे सही करा’: ‘डिस्ट्रिक्ट ९’ समजून घेताना

सिनेमातला एक प्रसंग. बारीक मिशी, नीट पाडलेला भांग, शर्टावर बिनबाह्यांचा स्वेटर, असा एक कारकून पत्र्याच्या झोपडीचं दार वाजवतो. मागे बंदूकवाले, बाजूला कॅमेरावाला. आतून जो बाहेर येतो तो माणूस नाही. किड्यासारख्या तोंडाचा, उंचापुरा, परग्रहावरचा जीव आहे. कारकून हसतमुखाने क्लिपबोर्ड पुढे करतो. इथे सही करा, तुम्हाला दुसरीकडे हलवतोय. तो जीव वैतागून क्लिपबोर्डाला फटका मारतो. कारकून म्हणतो, कागदाला हात लागला ना, झालं, ही सहीच धरायची.

माझी भाची खो खो हसली. ती इथे बडोद्यातच फाइन आर्ट्सला शिकते. रविवारी आमच्या दांडिया बाजारातल्या घरी येते ती सेवउसळीचं पार्सल आणि लॅपटॉपमध्ये एखादा सिनेमा घेऊनच. मला काही हसू आलं नाही. एका कचेरीत नोटिसा काढायच्या टेबलावर माझी एकतीस वर्षं गेली. शेरा गुजरातीत पडायचा, मराठीत सांगायचं तर असा: ‘सही करण्यास नकार, सबब दारावर चिकटवून बजावली.’ खाली दोन पंच. पंच म्हणजे बहुधा कोपऱ्यावरचा पानवाला आणि आमच्याच जीपचा ड्रायव्हर. त्या टेबलावरचा एक क्लिपबोर्ड अजून घरात आहे, त्याला आता दुधाचा हिशेब लावलेला असतो.

‘मामा, तू एवढा गंभीर का झालास?’ तिने विचारलं. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी गोष्ट. ‘डिस्ट्रिक्ट ९’ हा २००९ चा सिनेमा. दिग्दर्शक नील ब्लोमकॅम्प मूळ जोहान्सबर्गचा, पुढे कॅनडात गेलेला. गोष्टीत १९८२ साली एक अवाढव्य यान येतं आणि जोहान्सबर्ग शहरावर अधांतरी थांबतं. न्यूयॉर्क नाही, वॉशिंग्टन नाही, जोहान्सबर्ग. आत शिरून बघतात तर हल्लेखोर वगैरे कुणी नाही, उपाशी, आजारी जीवांची गर्दी. त्यांना खाली आणून छावणीत ठेवतात. छावणीची झोपडपट्टी होते, भोवती कुंपण पडतं, शहरातले लोक म्हणू लागतात की ही पीडा इथून हलवा. मग अठरा लाख जीवांना शहरापासून लांब नव्या छावणीत न्यायचं ठरतं. काम एका खाजगी कंपनीला मिळतं. कंपनीचा डोळा असतो त्यांच्या शस्त्रांवर, कारण ती शस्त्रं फक्त त्यांच्याच हातात चालतात. नोटिसा बजावायला नेमलेला हा कारकून, विकस, कंपनीतल्या बड्या साहेबाचा जावई. तपासणीत त्याच्या तोंडावर एक काळं द्रव उडतं आणि त्याचा हात हळूहळू त्या जीवांसारखा होऊ लागतो. कालपर्यंत नोटीस वाटणारा आज स्वतःच कंपनीचा माल होतो.

अशा सिनेमांना डिस्टोपिया म्हणतात. शब्द ग्रीक मुळांवरून घडवलेला, अर्थ साधारण ‘वाईट जागा’. आधी १५१६ मध्ये थॉमस मोरने ‘युटोपिया’ हा शब्द काढला, म्हणजे आपल्याकडच्या रामराज्याच्या जवळपासचं काहीतरी. त्याची उलटी बाजू सांगायला जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडवर बोलताना ‘डिस्टोपियन’ असा शब्द वापरला. डिस्टोपिया म्हणजे अंधेर नगरी, असं मराठीत पटकन सांगून मोकळं होता येईल, पण तिथेच गफलत होते. अंधेर नगरीत नियमच नसतात. टके शेर भाजी, टके शेर खाजा, राजाच्या मनाला येईल तो न्याय. डिस्टोपियात नियम भरपूर असतात, छापलेले असतात, क्रमांक घातलेले असतात आणि काटेकोर पाळलेही जातात. माणूस भरडला जातो तो नियम मोडल्याने नाही, पाळल्याने.

आणि हे भविष्यातलं असावं लागतं हाही एक गैरसमज. ब्लोमकॅम्पला काही कल्पना करावी लागली असेल तर ती यानाची आणि किड्यांची. बाकी सगळं त्याच्या देशात घडून गेलेलं होतं.

दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि अपार्टहाइड सुरू झाला. आफ्रिकान्स भाषेतल्या या शब्दाचा अर्थ नुसता ‘वेगळेपणा’. मराठीत आपण वर्णद्वेष म्हणतो खरं, पण द्वेष म्हटलं की डोळे लाल झालेला माणूस समोर येतो. तिथे प्रत्यक्षात समोर यायचा कारकून.

तीन कागद ध्यानात ठेवले तरी सगळी व्यवस्था कळते. पहिला नोंदणीचा. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद होऊ लागली: गोरा, काळा, मिश्र म्हणजे ‘कलर्ड’, पुढे भारतीय. आता माणूस कोणत्या खान्यात बसतो हे ठरवायचं कसं? केसांत पेन्सिल खोचायची. पेन्सिल खाली पडली तर एक वर्ग, केसांत अडकून राहिली तर दुसरा. एकाच आईची दोन मुलं दोन वर्गांत गेल्याची उदाहरणं आहेत. दरवर्षी काही माणसं अर्ज करून किंवा तक्रारीवरून एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जायची. मी आयुष्यभर रकाने भरले. एवढ्याशा चौकोनात एवढं मावतं हे मला कधी सुचलं नव्हतं.

दुसरा कागद वस्तीचा. त्याच वर्षीच्या ग्रुप एरियाज कायद्याने शहराचे तुकडे पडले, अमुक भाग अमुक वंशाचा. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केप टाऊनमधली ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ ही जुनी, मिसळलेली वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर झाली. तिथून साठ हजारांवर माणसं उठवून शहराबाहेरच्या वाऱ्या-वाळूच्या सपाट मैदानात नेऊन टाकली. घरांवर बुलडोझर फिरले, मशिदी आणि चर्च तेवढी राहिली. सिनेमाचं नाव कुठून आलं हे वेगळं सांगायला नको. आपल्या गुजराती मंडळींनाही हा कायदा लागला. जोहान्सबर्गच्या पेजव्ह्यू भागात भारतीय व्यापाऱ्यांची दुकानं होती. तिथल्या लोकांना सुमारे तीस किलोमीटरवरच्या लेनेशियाला हलवलं.

तिसरा कागद पासाचा. काळ्या माणसाने शहरात हिंडताना तो जवळ बाळगायचाच. १९५२ च्या ज्या कायद्याने हे पासबुक देशभर सक्तीचं केलं त्या कायद्याच्या नावातच ‘पास रद्द करणे’ असे शब्द होते. म्हणजे पास रद्द, त्याऐवजी ‘संदर्भ पुस्तिका’. कचेरीत काम केलेल्या कुणालाही या युक्तीचं कौतुक वाटेल, आणि मग कौतुक वाटल्याची लाज.

आता सिनेमाकडे परत. तो बातम्या आणि माहितीपटासारखा चित्रित केलाय. कॅमेरा हलतो, तज्ज्ञ मुलाखती देतात, रस्त्यावरचे लोक ‘त्यांना हाकला’ म्हणतात. यामागची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. हा सिनेमा करण्याआधी ब्लोमकॅम्पने याच कल्पनेवर एक लघुपट केला होता. त्यात त्याने जोहान्सबर्गमधल्या खऱ्या माणसांना विचारलं, झिम्बाब्वेसारख्या शेजारच्या देशांतून येणाऱ्या स्थलांतरितांबद्दल काय वाटतं? लोक मनापासून बोलले. ती उत्तरं त्याने तशीच्या तशी परग्रहवासीयांबद्दलची म्हणून लावली. शब्द बदलावा लागला नाही.

उत्तर देणारे बहुतेक काळे होते. ज्यांच्या घरच्यांना काल पास दाखवावा लागत होता ते आज दुसऱ्याला कुंपणापलीकडे बघू इच्छित होते. योगायोग म्हणजे मे २००८ मध्ये, सिनेमाचं काम चालू असतानाच, जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतून परदेशी मजुरांविरुद्ध दंगली पेटल्या आणि साठहून जास्त माणसं मेली. सिनेमा सोवेटोमधल्या चियावेलो भागात खऱ्या झोपड्यांत चित्रित झाला. त्याच सुमारास तिथल्या रहिवाशांना सरकारी घरांत हलवणं चालू होतं. म्हणजे पडद्यावरचं स्थलांतर आणि जमिनीवरचं स्थलांतर एकाच गल्लीत.

भाषेचंही बघा. त्या जीवांना लोक ‘प्रॉन’ म्हणतात, कोळंबी. जोहान्सबर्गच्या बागांत एक मोठा, किळस यावी असा नाकतोड्यासारखा किडा सापडतो, त्याला तिथे ‘पार्कटाऊन प्रॉन’ म्हणतात, त्यावरून. दुसरीकडे कागदोपत्री त्यांना माणसांची नावं दिलेली. त्यातल्या शहाण्या जीवाचं नाव ख्रिस्तोफर जॉन्सन. विकस इंग्रजीत बोलतो, ते आपल्या कटकट आवाजाच्या भाषेत उत्तर देतात, आणि दोघांनाही सगळं कळतं. भाचीला हे खोटं वाटलं. मी म्हटलं, अगं, रावपुऱ्यात तुझी आजी मराठीत भाव करते आणि दुकानदार गुजरातीत नाही म्हणतो, तिथे कधी अडलंय का? भाषा कळणं आणि समोरच्याचं ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेमात कुणालाच न समजल्याची सबब उरत नाही.

प्रतिकार म्हटलं की आपल्याला शेवटची धुमश्चक्री आठवते. सिनेमात तीही आहे, चांगली दणदणीत आहे, पण माझ्या मते तिच्यात फारसं काही नाही. खरा प्रतिकार त्याआधी होऊन जातो. ख्रिस्तोफर जॉन्सनच्या दारात विकस जातो, कागद पुढे करतो. ख्रिस्तोफर तो घेतो आणि वाचतो. बस, वाचतो. आणि म्हणतो की हे कायदेशीर नाही. विकसचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा आहे. हा जरा हुशार दिसतोय, असा काहीतरी भाव, आणि मग घरात खोट काढून पोराला ताब्यात घेण्याची धमकी.

असा एक चेहरा माझाही झाला होता. बरीच वर्षं झाली. विश्वामित्रीच्या काठावरची एक वस्ती. (नदीत मगरी निवांत राहतात, नोटिसा फक्त काठावरच्या माणसांना जातात.) शिपाई रजेवर होता म्हणून मीच गेलो. एका म्हातारीने आधी पाणी दिलं आणि मग नोटीस घ्यायला नकार दिला. पण कागद हातात धरून तिने तो मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचला. शेवटी म्हणाली, ‘भाई, यात मुदत कालची घातलीय.’ खरंच कालची होती. कागद टेबलावर पडून राहिले होते. मी खिशातून पेन काढलं, तारीख खोडली, नवी घातली, बाजूला आद्याक्षरं केली. दुरुस्ती नियमाप्रमाणे होती. पाण्याचा पेला मी परत दिला की तिथेच ठेवला, एवढं मात्र आठवत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याचा इतिहास काढला तरी पुन्हा पुन्हा कागदच पुढे येतो. १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर गांधीजी आणि त्यांच्या साथीदारांनी दोन हजारांवर नोंदणी दाखले कढईत घालून जाळले. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये लोक पास घरी ठेवून पोलीस ठाण्यावर गेले, आमच्याकडे पास नाही, करा अटक म्हणाले. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. ६९ माणसं मेली.

डिस्ट्रिक्ट सिक्सचीही एक गोष्ट आहे. वस्ती पाडताना रस्त्यांच्या नावांच्या पाट्या फेकून द्यायच्या होत्या. पाडापाडीच्या कामावरच्याच एका माणसाने त्या फेकल्या नाहीत, जपून ठेवल्या. १९९४ मध्ये तिथल्या जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडलं, त्यात त्या पाट्या लावल्यात. त्या माणसाबद्दल मी बराच विचार केला. तो बुलडोझरपुढे आडवा पडला नाही, नोकरीही सोडली नाही. काय म्हणायचं त्याला, मला ठरवता येत नाही.

आता आपल्या गावाकडे यायलाच हवं, कारण बडोद्यात बसून रजिस्टरबद्दल लिहायचं आणि ते रजिस्टर विसरायचं, हे बरोबर नाही.

सप्टेंबर १९१७. सव्वीस वर्षांचे आंबेडकर कोलंबिया आणि लंडनला शिकून बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. शिष्यवृत्ती सयाजीरावांची, त्या बदल्यात संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. शहरात हिंदू खानावळ त्यांना घेईना. पारशी विश्रामगृह पारशांपुरतं होतं. तिथल्या रखवालदाराची अडचण साधी होती: रजिस्टरात नाव पारशी हवं. मग रजिस्टरात पारशी नाव पडलं. रोजचा दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, बाहेरच्या मोठ्या दालनात मोडक्या सामानाचा ढीग, रात्री कंदील. महाराजांच्या कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले. संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. दोन ओळखीच्या घरी विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांनीही टाळलं. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीला पाच तास होते. ते त्यांनी कमाटीबागेत काढले. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, आणि ज्या झाडाखाली ते बसले असं मानतात ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

भाचीने इथे मला बरोबर टोकलं. ‘पण मामा, जात म्हणजे वंश नाही ना?’ नाही. आणि हे आंबेडकरांनीच ठासून सांगितलंय. जातिव्यवस्था वंशांची विभागणी दाखवत नाही, पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांचा वंश एक नाही, असं ते १९३६ मध्ये लिहितात. त्यामुळे अपार्टहाइड आणि अस्पृश्यता एकच असं म्हणून गाडी पुढे नेता येत नाही. तिथे पाळत सरकारी खात्याची होती. इथे महाराज बाजूने, नोकरी संस्थानाची, तरी खोली मिळेना. कायद्याने बांधलेलं कुंपण १९९१ मध्ये कायद्याने काढता आलं. आपल्या कुंपणाची विटाळवाली बाजू खानावळवाल्यापासून शिपायापर्यंत सगळे मिळून, बिनपगारी सांभाळत होते. जुळतं ते एवढंच की दोन्हीकडे दार उघडायच्या आधी रजिस्टर उघडतं.

सिनेमा डोक्यावर घेण्याआधी त्याच्या खोडीही सांगायला हव्यात. त्यात नायजेरियन टोळी दाखवलीय, गुंड, भोंदू, माणसं खाणारी वगैरे. वंशभेदावर सिनेमा काढायचा आणि त्यातच दुसऱ्या देशाच्या माणसांना असं रंगवायचं? नायजेरियाच्या सरकारने निषेध केला, चित्रपटगृहांना तो काढायला सांगितलं. मला तो राग रास्त वाटतो.

दुसरी खोड जास्त खोल आहे. अपार्टहाइडचा सगळा डोलारा एका थापेवर उभा होता, की माणसांत मुळातच भेद आहे. त्याला उत्तर देताना सिनेमाने पीडितांच्या जागी असे जीव ठेवले की ज्यांच्यात खरोखरच मुळातला भेद आहे. रक्त वेगळं, शस्त्र चालवायची क्षमता वेगळी, मांजरांच्या डबाबंद खाण्यासाठी जीव टाकणारे. पेन्सिल खोचून ठरवावं लागत होतं यातच तर त्या कायद्याचं हसं होतं. किड्याच्या डोक्यात पेन्सिल खोचायची गरज काय? रूपक इथे उलटं फिरतं. भाचीचं म्हणणं पडलं की मुद्दा तोच आहे: खरंच वेगळे असले तरी उपाशी ठेवायचा हक्क कुणी दिला? तिचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलंय. पूर्ण पटलेलं नाही.

आणि विकस. त्याला दुःख कळतं ते स्वतःचा हात बदलल्यावर. तरीही बराच वेळ त्याला हवं असतं फक्त आपलं जुनं शरीर आणि बायको. ख्रिस्तोफरला तो फसवतो, मारतो, त्याच्याशिवाय यान पळवू बघतो. इंग्रजी सिनेमातला नायक अर्ध्या तासात सुधारतो, हा शेवटच्या पंधरा मिनिटांपर्यंत हलकटच राहतो. सिनेमाने केलेली ही सगळ्यात प्रामाणिक गोष्ट. पण तरी केंद्रस्थानी बसतो तो नोटीस वाटणाराच. ख्रिस्तोफर तीन वर्षांनी परत येतो म्हणून निघून जातो, आणि वस्तीतल्या बाकीच्यांना नव्या छावणीत हलवतात. शेवटी पडद्यावर आकडा येतो: पंचवीस लाख आणि वाढतेच.

सिनेमा बघणार असाल तर एक सूचना, मारामारी आणि ओकारी येईल अशी दृश्यं आहेत, जेवताना लावू नका. आमची सेवउसळ त्या रविवारी निम्मी उरली. पहिली वीस मिनिटं मात्र दोनदा बघा. दुसऱ्यांदा किड्यांकडे बघू नका, कागदाकडे बघा.

जाताना भाचीने दुधाच्या हिशेबाचे कागद काढून टेबलावर ठेवले. ‘हा क्लिपबोर्ड नेऊ का? बाहेर स्केचिंग करायला हवाच होता.’ म्हटलं, ने. चिमटा जरा गंजलाय, बोट सांभाळ.